पट्टे पुसलेला गतिरोधक

माझ्याभोवती तिघे उभे होते. रामरावांच्या हातातल्या पहारेचे थंड टोक माझ्या पाठीवर टेकलेले होते.

मित्रांनो, मी एक जुना गतिरोधक आहे; देऊळघाटच्या शाळेजवळ, वळणाच्या तोंडाशी आडवा पडलेला.

माझा जन्म शोकातून झाला. साडेतीन वर्षांपूर्वी पंक्चरवाल्या युसूफभाईंची नऊ वर्षांची फिजा शाळा सुटल्यावर रस्ता ओलांडत होती. भरधाव टेम्पोला वळण दिसले, ती दिसली नाही. तिच्या मृत्यूचा चाळीसावा दिवस झाल्यावर युसूफभाईंनी चार माणसे जमवून, खडी-डांबर ओतून मला घडवले. पांढरे पट्टे मात्र त्यांनी एकट्याने ओढले. पुढे दरवर्षी फिजाच्या बरसीला, ती गेली त्या दिवशी, ते रंगाचा डबा घेऊन येत, गुडघे टेकत आणि निजलेल्या लेकीच्या अंगावर चादर ओढावी तसा एकेक पट्टा रंगवत. जाणारे-येणारे मान खाली घालत. ब्रश कोणीच मागितला नाही. गावाला वाटे, हे बापाचे दुःख. त्यात आपण हात कसा घालावा?

यंदाच्या बरसीआधी समोरच्या पंक्चरच्या दुकानात त्यांच्या पत्नी शाहजादीभाभी त्यांना म्हणाल्या, "बच्ची को अब तो सडक से घर ले आओ जी." बरसीला युसूफभाई आले नाहीत. मला वाईट वाटले नाही. बापानेही कधीतरी उठावे.

मग पावसाने माझे पट्टे धुऊन नेले. मी डांबराच्या रंगाचा झालो, डांबरात लपलो. ज्याने दिसायचे, तोच दबा धरून बसला. दिवाळीच्या तोंडावर रामरावांची सून सारिका मोटारसायकलवर मागे बसली होती. ती माझ्यावरून उसळून पडली. तिला अजून आपले तान्हे बाळ उचलता येत नाही.

"खोदतोच याले," रामराव पहार दाबत म्हणाले. "माह्या सुनेचा हात मोडला यानं."

सुलभाताईंनी वही उघडली. त्या बुलढाण्याच्या महाविद्यालयात शिकवतात. कोणत्या उपायाने अपघात घटतात हे पाहण्यासाठी पंधरा दिवस त्या इथे उन्हात उभ्या होत्या; गाड्यांचा वेग मोजायला रस्त्यावर चुन्याच्या दोन रेघा, हातात घड्याळ. जुन्या अपघातांच्या नोंदी त्यांनी पोलीस ठाण्यातून उतरवून आणल्या होत्या.

"हा नव्हता त्या तीन वर्षांत इथे अकरा अपघात झाले. हा झाल्यावर तीन वर्षांत दोन. यंदा पट्टे गेल्यापासून पाच महिन्यांत चार. पुढच्या वळणावर नुसती 'सावकाश चला' अशी पाटी आहे, तिथे काहीच फरक नाही. एवढ्याशा आकड्यांवर मी छातीठोक बोलणार नाही. पण याला काढू नका. हा दिसेल असं करा."

"मंग याले सांगा ना!" रामराव युसूफभाईंकडे वळले. "काऊन बे युसूफ, यंदा काऊन नाही रंगवलं? तुह्यंच काम होतं ना थे?"

"हाव, रामरावभाऊ," युसूफभाई खाली पाहत म्हणाले. "चुकलंच माह्यं."

मित्रांनो, त्या क्षणी मला वाचा असती तर मी एवढेच मागितले असते: पुसट झालेला पट्टा कोणाच्या दुःखाचा आहे, हे विचारत बसू नका. तो रंगवा. एकट्या बापाच्या शोकावर साऱ्या गावाचा रस्ता सोपवू नका. शोकालाही कधीतरी थकवा येतो.

सुलभाताईंनी वही मिटली. "रामराव," त्या हळूच म्हणाल्या, "एवढ्या वर्षांत तुम्ही कधी ब्रश धरला होता?"

रामरावांनी पहार खांद्यावर टाकली आणि मला ओलांडून ते घराच्या वाटेने निघून गेले.