सुटण्याआधी पोचलेली घार

वेळ कधीच चुकत नाही, चुकतो तो माणूस. हे जागतिक सत्य काशिराम नाखवांनी पनवेलच्या एस.टी. स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून चौतीस वर्षं लोकांना ऐकवलं. निवृत्तीनंतर ते घरच्यांना ऐकवू लागले, तेव्हा त्यांच्या डोक्यावरच्या भिंतीवरचं घड्याळ दिवाळीपासून सव्वानऊवर बंद पडलेलं होतं.

सासऱ्यांचा वेळ जावा म्हणून सुनेने, विनिताने, कॉम्प्युटरवर एक घरटं लावून दिलं होतं. स्कॉटलंडमधल्या झाडावर कॅमेरा, मासे पकडणारी घार अंड्यांवर, आणि तिकडे जे चाललंय ते त्याच क्षणी पनवेलमध्ये हजर. काशिरामांनी पहिल्याच दिवशी वही काढून रकाने पाडले: सुटली, पोचली, शेरा. घार उडाली की सुटली, बसली की पोचली, वेळ कॉम्प्युटरच्या कोपऱ्यातली. पायात मासा असला तर शेरा 'मालासह'. बघायचा चष्मा वेगळा, लिहायचा वेगळा. नोंद करताना ते एक उतरवून दुसरा चढवत, तेवढा वेळ पडदा धूसर.

आठ दिवस सुरळीत गेले. नवव्या दिवशी घार ४.०८ला मालासह पोचली. पोचायला आधी सुटावं लागतं, आणि ती सुटल्याची नोंदच नव्हती. ती सुटली ४.१०ला. म्हणजे सुटण्याच्या दोन मिनिटं आधी पोचली. कहर म्हणजे सुटल्यावरही ती घरट्यात बसलेलीच होती.

इतक्या वर्षांत एकाही गाडीने त्यांना असा दगा दिला नव्हता. काशिरामांना थोरले बंधू आनंदराव आठवले. ते शेवटी शेवटी दुपारी जेवून उठायचे आणि हात धुऊन पुन्हा जेवायला बसायचे. त्यांचीही सुरुवात अशीच, वेळेच्या घोळापासून झाली होती. काशिरामांनी मनातल्या मनात जुनं वेळापत्रक म्हणून पाहिलं. उरण सव्वापाच, आपटा पाच चाळीस. सगळं जागेवर होतं. घारच तेवढी नव्हती.

शेजारचे भगवानराव पेपर परत करायला आले, तेव्हा त्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं.

"तिकडे उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात," भगवानराव म्हणाले.

"मग घार दोनच मिनिटं पुढे का?"

"पक्षी केवढासा असतो, नाखवा."

भगवानराव गेल्यावर काशिरामांनी वहीचं ते पान फाडावं की काय, असा विचार केला. तेवढ्यात त्यांच्या पत्नी गंगाबाई सोलायच्या कोलंबीचं पातेलं घेऊन आल्या. पहाटेपासून मासळी बाजारात बसून, घरी येऊन स्वयंपाक उरकून त्या आत्ता कुठे टेकणार होत्या. त्यांची नजर पडद्यावर गेली. घारीपुढे मासा पडला होता.

"ह्याला मुंडकं नाय," त्या म्हणाल्या.

"तिकडे तसेच मिळत असतील."

"अवो, पान्यात कुठं बिनमुंडक्याचा मासा गावतो? कुनीतरी वाटेत खाल्लंय. ही तर हितंच बसून हाय. मग खाल्लं कुनी?"

काशिरामांनी चष्मा बदलून पडद्याकडे पाहिलं.

"दोगं हायेत ती. आननारा येगळा, बसनारी येगळी. मुंडकं तो वाटेत खातो. ती मासा घेऊन बाजूला गेली का तवर तो अंड्यांवर बसतो."

"म्हणजे ड्युटी बदलतात?"

"मंग? एकटीनं किती बसायचं?"

काशिरामांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी आनंदरावांच्या फोटोला मनोमन नमस्कार केला. डोकं ठीक होतं. मग वही उघडली आणि ते पुन्हा अडकले. एका गाडीच्या नावावर आठ दिवस दोन गाड्या धावल्या होत्या. यातली सुटली कोणती आणि पोचली कोणती? पडद्यावर एक घार उठली, दुसरी पंख सावरून अंड्यांवर बसली. काशिराम कोणता चष्मा लावावा या विचारात पेन धरून थांबले.

"आता तुमची कुठली गाडी सुटायची हाय?" गंगाबाईंनी विचारलं.

"कुठलीच नाही."

"मंग एवढी कोलंबी सोला. मी जरा पाठ टेकते."

पातेलं वहीवर ठेवून त्या आडव्या झाल्या आणि डोळे मिटून म्हणाल्या,

"आन मुंडकी टाकू नका. कालवणाला लागतात."