तीन जिने आणि कानातल्या सुया

माझं क्लिनिक घणसोलीत, लिफ्ट नसलेल्या सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर. क्लिनिक कसलं, घरातला हॉलच! दारावर पाटी: ‘कानात सुया टोचून बीपीवर इलाज – मीनाताई’. पेशंट धापा टाकत वर आला की मी दारातच त्याचं बीपी मोजायची. मग कानात सुया, डोक्यावर पंखा, अर्धा तास आडवं पडणं, आणि पुन्हा मोजायची. उतरलेलंच असायचं. मी ऐटीत म्हणायची, "बघा!"

अहो, तीन जिने चढल्यावर कुणाचंही बीपी वाढेल! हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. तरी गप्प बसले. लोक हात जोडायचे, ते गोड लागायचं.

तळवलीच्या गोजराआजी दर मंगळवारी यायच्या. या मंगळवारी पिशवी घेऊन आल्या. आत बीपीच्या गोळ्यांची पाकिटं, न फोडलेली.

"कुना गरिबाला दे, बाय. मी पंधरा दिस झालं सोडल्या. तुजी सुई हाय ना!"

मी झटकन मशीन काढलं. बीपी मोजलं, दोनशे दहा! त्यांच्या मुलाला, कुंदनला फोन केला, "रिक्षा घेऊन ये, आजींना हॉस्पिटलात न्यायचंय." तो येईपर्यंत त्यांना पंख्याखाली बसवलं. सुयांची डबी उघडलीच नाही. वीस मिनिटांनी पुन्हा मोजलं, एकशे नव्वद.

आजींनी मशीनवरचा आकडा वाचला. "सुई नाय लावली, तरी उतरला?"

"बसल्यावर उतरतंच, आजी. दर वेळी तसंच उतरायचं." आणि मेली माझी जीभ, पुढे म्हणाली, "पण गोळ्या बंद करा असं मी कधी म्हटलं नव्हतं हं."

आजी कानाची पाळी चोळत बसल्या. शरमेनं मला मान वर करवेना.

कुंदन धावत आला. आईला हाताला धरून उतरवताना म्हणाला, "ताई, तुमी होता म्हणून वेळेत कळलं. लय उपकार झाले."

आजींनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी खरं सांगते का, याची वाट बघत होत्या.

आणि मी निर्लज्जासारखी म्हणाले, "उपकार कसले रे, कुंदन? माझं कामच आहे ते."