नजरेपुरती एक चूक

गफ्फारभाईंच्या डोळ्यांतून चूक सुटली असं ब्रह्मपुरीत कोणी म्हणालं, तर खुशाल समजावं की म्हणणारा बाहेरगावचा आहे. अडतीस वर्षं या माणसानं छापखान्यात काढली. आधी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले, मग कॉम्प्युटर आला तेव्हा प्रुफं तपासली. नाटकांची पोस्टरं, लग्नाच्या पत्रिका, ग्रामपंचायतीच्या नोटिसा, सगळं त्यांच्या लाल पेनाखालून गेलं. वाचायचे ते उलटं, शेवटच्या शब्दाकडून पहिल्याकडे. सुलटं वाचलं की मन मजकुरात रमतं अन् डोळे झोपा काढतात, असं त्यांचं म्हणणं.

पण गंमत बघा, एवढ्या कागदांवर त्यांचं स्वतःचं नाव कुठंच नव्हतं. पोस्टरावर नटांची नावं, पत्रिकेवर मामा-मावश्यांची, इतकंच काय, 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणणाऱ्या शेंबड्या पोरांचीसुद्धा नावं! त्यांची बायको जाहिदा नेमकी तिथंच टोचायची.

"अजी, एक कागद दाखवा ज्याच्यावर तुमचं नाव हाय. फ्रेम करून भिंतीले लावीन."

गफ्फारभाई हसायचे. पण मनातून त्यांना ते लागायचं.

म्हणून मागच्या गल्लीतली संघप्रिया कागदांचा जाडजूड गठ्ठा घेऊन आली, तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. संघप्रिया कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. तिनं मायक्रोकंट्रोलर बोर्ड कसा वापरायचा याची मराठी पुस्तिका लिहिली होती. हा बोर्ड म्हणजे बोटभर हिरवी पाटी, अन् तिच्यात एवढासा कॉम्प्युटर. त्याला चार तारा जोडून एक सळई धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, रोवली की पाणी उतरल्याबरोबर लाल दिवा लागतो.

"चाचा, माझं शुद्धलेखन तर तुमाले माहीतच हाय," ती म्हणाली. "पुढल्या सोमवारी गडचिरोलीले तीस पोरींचं शिबिर हाय. तेवढं तपासून द्या. शेवटच्या पानावर तुमचं नाव टाकीन."

"माझं? छापील?"

"मंग काय पेन्सिलनं?"

आठ दिवस गफ्फारभाईंना जेवणाची शुद्ध नव्हती. पोरगी हुशार, पण 'विद्युत' हा शब्द तिनं चार तऱ्हांनी लिहिला होता. दोनशे चौदा चुका निघाल्या. दोनशे तेरा त्यांनी सुधारल्या.

एक सोडली. मुद्दाम.

आता ही गोष्ट त्यांनी आजवर जाहिदालासुद्धा सांगितली नव्हती. खिळे जुळवायला शिकवताना त्यांचे उस्ताद म्हणाले होते, "सगळं बिनचूक करू नको बेटा, नजर लागते. देखण्या लेकराच्या गालाले तीट लावतात ना? तशी एक बारीक चूक राहू द्यायची." तेव्हापासून त्यांच्या हातून गेलेल्या प्रत्येक कागदावर एक तीट असायची. कुठं अनुस्वार गायब, कुठं काना जास्तीचा. त्यानं ना कोणाचं नाटक पडलं, ना कोणाचं लग्न मोडलं. अन् ही पुस्तिका तर त्यांना पोटच्या लेकरासारखी झाली होती. तिला तीट नको? त्यांनी एकतिसाव्या पानावरचा बारीक तक्ता निवडला. आत मजकुरात लिहिलं होतं की पिवळी तार आठ नंबरच्या भोकात जाते, अन् तक्त्यात पडला होता सात. एवढासा आकडा, तोही कोपऱ्यात! तिकडं कोण बघतं, म्हणून त्यांनी पेनाला टोपण लावलं.

शनिवारी दुपारी अत्तर लावून, इस्त्रीचा कुर्ता घालून ते संघप्रियाकडे गेले. नाव असलेलं पान आज दाखवीन, असं ती म्हणाली होती. बघतात तर ओसरीवर सगळा पसारा, अन् पोरगी डोकं धरून बसलेली. समोर पाण्याची बादली, बादलीत सळई, अन् तीन बोर्ड मेल्यासारखे पडलेले.

"काय झालं वो बेटी?"

"दिवाच लागून नाई राह्यला, चाचा. तीन बोर्ड बदलले. ओल लागून सगळे खराब झाले वाटते. सोमवारचं शिबिर बंद करा म्हणून फोन करून राह्यली होती आता."

"पण तारा नीट जोडल्या ना?"

"पुस्तक उघडून जोडल्या. पोरी तक्ताच पाहतील, म्हणून मीबी तक्ता पाहूनच जोडल्या." तिनं उसासा सोडला. "अन् पुस्तकात तर चूक नाई. तुमी तपासलं हाय."

गफ्फारभाईंची नजर खाली गेली. पसाऱ्यात पुस्तिका उघडी होती, पान एकतीस. पिवळी तार सात नंबरच्या भोकात मजेत बसली होती.

गप्प बसले असते तर कोणाला कळलं असतं? शिबिर रद्द झालं असतं, दोष ओलीवर गेला असता, अन् नाव छापून आलं असतं. अडतीस वर्षांनी आलेलं नाव. त्यांनी घसा खाकरला, एकदा, दोनदा. तेवढ्यात संघप्रियानं खरंच फोन उचलला.

"ठेव तो फोन," ते म्हणाले. "पिवळी तार आठात टाक."

तिनं टाकली अन् सळई पाण्याबाहेर काढली. चटकन लाल दिवा लागला.

"तुमाले कसं समजलं, चाचा?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. उस्ताद, नजर, तीट, काहीही न लपवता. सांगताना ते दिव्याकडेच बघत होते.

संघप्रिया खूप चिडली. चिडणारच हो! "चाचा, पोस्टरात चूक असली तरी नाटक होते. इथी पोरीची तार चुकीच्या भोकात जाते! तीस पोरी म्हणाल्या असत्या, आपल्याच्यानं हे होत नाई. घरी जाऊन बसल्या असत्या."

"हो बेटी. माझ्या ध्यानातच नाई आलं, हे पुस्तक वाचायचं नाई, करायचं हाय." त्यांनी पुस्तिका तिच्याकडे सरकवली. "माझं नाव काढून टाक."

तिनं लॅपटॉप ओढला. छापायला अजून उद्याचा दिवस होता. तक्त्यातल्या साताचा आठ केला, लॅपटॉप मिटला, आत जाऊन चहा घेऊन आली. मग एक पान त्यांच्यासमोर ठेवलं.

"काऊन काढू? दोनशे तेरा चुका कोणी काढल्या मंग?" ती म्हणाली. "पण आता सांगा, पुस्तकात एकबी चूक नाई ना?"

गफ्फारभाईंनी पान घेतलं अन् सवयीनं उलटं वाचलं. शेख. गफार. शुद्धलेखन. पोरीनं घाईत एक फ खाल्ला होता. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, हात पानावर नेला, थोडा वेळ तसाच धरला, अन् टोपण परत लावलं.

"एक हाय," ते म्हणाले. "पण ती कोणाच्या तारेत येत नाई."

संघप्रियानं वाकून पाहिलं अन् जीभ चावली. "अगं बाई! थांबा, आत्ता नीट करून देते."

त्यांनी नावावर तळवा ठेवला. "राहू दे. तुमच्या घरी नजर-बिजर मानत नाई, मले माहीत हाय. मी मानतो. तीट लागतेच कुठीतरी. आता इथी लागू दे."

सोमवारी दुपारी गडचिरोलीहून तिचा फोन आला. तिसाच्या तीस दिवे लागले होते, अन् मागून पोरींचा असा गलका की गफ्फारभाईंना धड काही ऐकू येईना. तरी ते कितीतरी वेळ फोन कानाला लावून हसत बसले.

पुस्तिका घरी आली तेव्हा जाहिदानं चष्मा लावून शेवटचं पान एक-एक अक्षर करत वाचलं. मग त्यांच्याकडे बघितलं.

"अजी, नाव चुकलं हाय."

"हाव."

"तुमच्या डोळ्याले दिसलं नाई?"

"दिसलं ना."

ती पुढं काही विचारायला गेली अन् थांबली. नवऱ्याच्या तोंडावर इतकं समाधान तिनं लग्नानंतर क्वचितच पाहिलं होतं. ती उठली, अन् भिंतीत ठोकायला खिळा शोधू लागली.