एकतीस अपुरे अर्ज

"तुझे बाबा 'चालू आहे' म्हणाले, की समजायचं बंद आहे," असे आईने माझ्या मालकिणीला बजावले होते. मालकीण तेव्हा बाळाच्या पायात मोजा चढवत होती आणि बाळ तो काढत होते. "आई, तुझं आपलं काहीतरीच! बाबा काय लहान आहेत?" म्हणून तिने ते बोलणे झटकून टाकले. मी शेजारीच उघडा होतो. मला तोंड असते तर मी आईची बाजू घेतली असती. पण मित्रांनो, मी पडलो जुना लॅपटॉप. मला आहे तो फक्त एक पंखा, आणि तोही घरघरतो.

मी नेहमीच असा घरघरत नव्हतो. एका लांबलचक, लख्ख दालनात पांढरे हातमोजे घातलेल्या हातांनी माझ्या पोटात चौदा स्क्रू बसवले. त्यांतले दोन आता कुठे आहेत, ते दुरुस्तीवाल्यालाच ठाऊक. मालकिणीने कॉलेजातला शेवटच्या वर्षाचा प्रकल्प माझ्यावर लिहिला. त्याला पहिला नंबर मिळाला, तेव्हा तिने सगळ्यांसमोर माझ्या झाकणाचा मुका घेतला होता. मग नोकरी आली, लग्न झाले, बाळ झाले, नवा फोन आला. आणि माझी रवानगी कपाटावर झाली. माझ्या डोक्यावर डायपरचे खोके बसले. बॅटरी अकरा मिनिटांवर आली. वायर भिंतीतून काढली, की बाराव्या मिनिटाला मी मान टाकतो.

त्यातच बाबांचा छापखाना बंद पडला. बाबा तिथे सव्वीस वर्षे प्रुफे तपासत होते. छापण्याआधी पान वाचायचे आणि चुकांना लाल पेनाने खुणा करायच्या, हे त्यांचे काम. मालकिणीने मला खाली उतरवले, बाळाच्या ओल्या वाइपने पुसले आणि खालच्या मजल्यावर बाबांच्या टेबलावर नेऊन ठेवले. नोकऱ्यांच्या एका साइटवर स्वतःच्या ईमेलने त्यांचे खाते उघडले. अर्ज कसा लिहावा हे शिकवणारा फुकटचा व्हिडिओ लावून दिला. प्रुफांचे काम कुठे निघाले, की लगेच कळेल अशी सोयही केली.

"बाबा, फॉर्म भरायचा आणि 'पाठवा' दाबायचं. इतकंच."

"इतकंच ना? करतो की."

पण त्या साइटचे मराठी कुणीतरी घाईघाईत उरकलेले होते. पहिल्याच पानावर 'शीक्षण' दिसले आणि बाबांनी सवयीने लाल पेन काढून माझ्या काचेवरच वेलांटी ऱ्हस्व केली! पुढचा प्रश्न होता, 'तुमची सध्याची स्थिती'. विचारायचे होते हल्लीचे पद. बाबांनी लिहिले, 'बरी आहे. डावा गुडघा थोडा कुरकुरतो.' मग आले, 'तुमचा अनुभव इथे टाका.'

"टाका?" बाबा माझ्यावर कडाडले. "सव्वीस वर्षांचा अनुभव टाकून देऊ? अगं, हे बघ काय म्हणतंय!"

"त्याच्याशी कसले भांडता?" आई आतून म्हणाली. "ते ऐकतंय थोडंच!"

ऐकत होतो, मित्रांनो. सगळे ऐकत होतो.

रोज संध्याकाळी मालकीण बाळाला कडेवर घेऊन जिन्यातूनच विचारी, "बाबा, आज किती पाठवले?" बाबा म्हणत, "चार." कधी तीन, कधी पाच. ती खूश होऊन वर जाई. ही बाई गॅस बंद आहे की नाही ते दोनदा बघते, झोपलेल्या बाळाच्या नाकापुढे बोट धरून श्वास तपासते. पण बाबांच्या 'चार'वर तिने डोळे मिटून विश्वास ठेवला.

खरे काय ते मला ठाऊक होते. बाबा अर्ज अगदी शेवटपर्यंत भरत. 'नोकरी सोडण्याचे कारण' या चौकटीत 'मी सोडली नाही' असे लिहीत आणि पुसत. मग बाण 'पाठवा'वर नेऊन ठेवत. तेवढ्यात पानावर एखादी चूक सापडे. मग वही उघडून ती टिपणे, आणि मला मिटणे. वहीत दोनशे चौदा चुका जमल्या. पाठवलेले अर्ज शून्य.

एका दुपारी मालकिणीच्या फोनवर साइटचा ईमेल आला, 'तुमचे ३१ अर्ज अपुरे आहेत.' बाळाला कडेवर घेऊन ती एका पायात चप्पल घालून धावत खाली आली.

"बाबा, एकही पाठवला नाहीत?"

बाबांनी वही पुढे केली. "हे वाच आधी. 'अनूभव', 'ऊमेदवार'... असल्यांकडे मी नोकरी मागू?"

"बाबा."

बाबांनी चष्मा काढला. "पाठवला तर नाही म्हणतील गं. न पाठवता निदान... चालू आहे, असं म्हणता तरी येतं."

आई दारात उभी होती. तिच्या जिभेवर आलेले टोमणे तिने गिळलेले मला स्पष्ट दिसले, आणि ही साधी गोष्ट नव्हती.

मालकिणीने स्टूल ओढले आणि ती बाबांना खेटून बसली. बाळाला आईकडे दिले. मग पडद्यावर बोट ठेवून म्हणाली, "बाबा, हा शब्द तपासा. 'पाठवा'. यात काही चूक आहे?"

बाबांनी चष्मा लावला. वाकून वाचले. पुन्हा वाचले.

"नाही. शुद्ध आहे."

"मग दाबा."

त्यांनी बटण असे दाबले, जणू मला चटका बसेल.

चौथ्या दिवशी उत्तर आले, 'आपली निवड झालेली नाहि.' बाबांनी ते वाचले, 'नाहि'वर बोट टेकवले आणि चक्क खो खो हसले. "यांना माझी गरज आहे, आणि यांनाच ते माहीत नाही!" त्या दिवशी त्यांनी एका दमात सहा अर्ज पाठवले. आणखी पाच नकार आले. मग मुलांची पुस्तके काढणाऱ्या एका छोट्या कंपनीने त्यांना महिनाभर घरूनच काम करून बघायला सांगितले. सध्या बाबा माझ्यावर ससा-कासवांचे ऱ्हस्व-दीर्घ तपासतात. महिन्यानंतर काय होईल, ते कुणालाच माहीत नाही.

मित्रांनो, माझ्या जातीचे आत्मवृत्त सांगणारे शेवटी 'आम्हांला जपा' म्हणतात. नवी बॅटरी कुणी आणली तर मी नको म्हणणार नाही. पण काच तडकली तर दिसते. माझ्यासारख्यांसमोर रोज बसणाऱ्या माणसाचे तसे नसते. तुमच्या घरात, शेजारी, ओळखीत कुणी काम शोधत असेल, तर त्याला जिन्यातून हाक मारून आकडा विचारू नका. आत जा. शेजारी बसा. त्याचा दिवस कसा जातो, ते आजच विचारा. उद्यावर ढकलू नका.