राखीव खेळाडूचे फावडे

माझे मालक वेंडेल क्रुगर यांनी एका पत्राला अकरा आठवडे उत्तर दिले नव्हते. ते पत्र आले तेव्हा मी दाराशीच टेकून उभे होते, म्हणून हे सांगायला मी. एरवी मी बर्फ उपसायचे एक जुने फावडे. मला गोष्ट सांगता येईल की नाही, याची शंकाच आहे.

मित्रांनो, माझे पाते पोलादाचे आणि दांडा चिवट लाकडाचा. वेंडेलनी मला विकत घेतले तेव्हा ते शहराच्या अमेरिकन फुटबॉल संघात राखीव क्वार्टरबॅक होते. चेंडू फेकणारा मुख्य गडी जायबंदी झाला, तरच त्यांनी मैदानात उतरायचे. चार वर्षांत ते एकदाच उतरले आणि तीनदा चेंडू थेट विरोधकांच्या हातात फेकला. पुढे पेट्रोल पंपावरसुद्धा लोक त्यांना हसत. त्यांनी दाढी वाढवली. अंगणातला बर्फ ते शेजारी उठायच्या आत उपसू लागले. "तू तरी बोलत नाहीस," असे मला म्हणत. मग माझा दांडा तडकला, नवे फावडे आले आणि मी दाराशेजारच्या कोपऱ्यात पडले.

पत्र टोबिन रीस या नव्या राखीव खेळाडूचे होते. "सर, मुख्य गडी जखमी आहे. मी दोन सामने हरलो. लोक मला तुमच्या नावाने चिडवतात. तुम्ही यातून कसे तगलात?"

डिसेंबरात स्टेडियम बर्फाखाली गेले. अशा वेळी बाके मोकळी करायला शहरातली माणसे आपापली फावडी घेऊन जातात. नवे फावडे मोडले होते, म्हणून वेंडेल मला घेऊन तिकडे गेले; दाढीआड त्यांना कुणी ओळखत नसे.

"टोबिनला बाहेर बसवा, त्या तिसऱ्या राखीव गड्याला आणा!" ट्रक चालवणारा ग्लेन ओरडला.

"तिसऱ्याला? त्याला चेंडू आणि बटाटा यातला फरक कळत नाही," त्याची बहीण मार्ज म्हणाली. "त्यापेक्षा निवृत्त झालेल्या म्हाताऱ्या डर्कला परत खेळायला बोलवा. गुडघे गेलेत, डोकं तरी शाबूत आहे."

"काहीही करा, पण टोबिन नको. दुसरा क्रुगर आहे तो, क्रुगर!"

सगळे खदखदून हसले. ग्लेन मागे वळला. "काय आजोबा, तुमचं काय मत?"

माझ्या दांड्यावरची मूठ आवळली. आपल्याला ओळखतील, या भीतीने वेंडेल मोठ्याने म्हणाले, "घरी पाठवा त्याला, आईकडे!"

पुन्हा हशा पिकला. कुणीतरी त्यांच्या पाठीवर थाप मारली. तीस वर्षांपूर्वी याच बाकांवरून हेच शब्द त्यांच्या अंगावर आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पायरीवर बसून उत्तर लिहिले आणि हलक्या आवाजात वाचून पाहिले. "टोबिन, मी तगलो नाही, लपलो. काल लोकांबरोबर मीही तुला हसलो. रविवारी माझे आडनाव लिहिलेली जर्सी घालून पहिल्या रांगेत बसेन. हसायचेच असेल तर त्यांना दोघांना हसावे लागेल."

मित्रांनो, फावडे वापरून झाले की पुसून कोरडे ठेवा, एवढेच मला मागायचे होते. पण मूठ माणसाची असते आणि तिची भीती लाकडापर्यंत पोचते. तुमच्या हशाने कुणाची मूठ अशी आवळत असेल, तर थांबा.

घरासमोरची टपालपेटी बर्फात गाडली गेली होती. शेवटचा ढीग उचलताना माझा दांडा मोडला. वेंडेलनी उरलेला बर्फ हातांनी बाजूला केला, पत्र आत ठेवले आणि न्यायचे टपाल आहे हे कळावे म्हणून पेटीची लाल झेंडी वर केली. दुपारी टपालाची गाडी थांबली आणि पत्र घेऊन गेली.