लबीबच्या नावाचा परवाना

मंगळवारी सकाळी फौजेची जीप आली, पंचायतीच्या पायरीवर एक पुठ्ठ्याचं खोकं टाकलं आणि धुरळा उडवत निघून गेली. खोक्यात परवाने होते. आपल्याच शेतात जायचे परवाने. गावाने ते मागितले नव्हते. उलट, जुम्म्याच्या नमाजानंतर मशिदीच्या अंगणात सगळ्यांनी ठरवलं होतं की कुणीही अर्ज करायचा नाही. कुंपण घातलं त्यांनी, गावाची विहीर आणि बागा पलीकडे टाकल्या त्यांनी, आणि फाटक उघडा म्हणून आपण कागद मागायचा? म्हणजे कुंपणाला आपणच मान डोलवल्यासारखं झालं. हे बोलला होता नसीफ, गावातल्या इताफ नावाच्या बाईचा धाकटा मुलगा, बावीस वर्षांचा. "दगड खाऊ, पण अर्ज करणार नाही," असं तो म्हणाला तेव्हा म्हाताऱ्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली होती. दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी घोषणा देणाऱ्यांत तोच पुढे होता.

आता न मागताच कागद आले. नाही कशाला म्हणायचं तेच कुणाला कळेना. निदान बघू तरी, म्हणून पंचायतीचे चिटणीस हिकमत मास्तर चष्मा पुसून नावं वाचायला लागले.

"सुरैयाचा मुलगा मुहन्नद. व्यवसाय शेती."

मुहन्नद तीन महिन्यांचा होता आणि आईच्या खांद्यावर लाळ गाळत झोपला होता.

"ऊठ रे मुहन्नद, कुदळ घे," मागून कुणीतरी ओरडलं. "दूध मागाहून पी!"

मग वीस वर्षांपूर्वी ब्राझीलला गेलेल्या आणि तिथे कापडाचं दुकान थाटलेल्या एकाचा परवाना निघाला. अर्ध्या बागा ज्याच्या मालकीच्या, त्या अबू निझामचा मात्र निघेना.

"नीट बघा मास्तर."

"बघितलं, अबू निझाम. नाहीये."

"मग माझ्या गाढवाचा आहे का बघा. मी त्याच्या मागनं जाईन."

सगळे पोट धरून हसले. इताफही हसली. पुष्कळ दिवसांनी हसली बिचारी.

"लबीब शुक्री," मास्तरांनी वाचलं आणि पुढचा शब्द त्यांच्या तोंडातच राहिला.

लबीब इताफचा थोरला. दोन वर्षांपूर्वी, संचारबंदीच्या दिवसांत, त्याच्या पोटात दुखायला लागलं. अपेंडिक्स होतं. साधं दुखणं. तासाभराच्या रस्त्यावर इस्पितळ होतं, पण त्याला नेणारी गाडी फौजेच्या नाक्यावर चार तास अडवून ठेवली, आणि तो गाडीतच गेला. गावाच्या रिवाजाप्रमाणे थोरल्याच्या नावाने आईला हाक मारतात, म्हणून लबीब जन्मल्यापासून इताफ झाली उम्म लबीब, लबीबची आई. तो गेल्यावरही ती उम्म लबीबच राहिली. माणूस गेलं तरी हाक जात नाही.

मास्तरांनी तो कागद उलटा करून ठेवला. गावकरी म्हणाले, बघा, यांची वही कशी आंधळी, मेलेल्यालाही शेतकरी करते. पण वही का आंधळी होती ते इताफला ठाऊक होतं. घरातलं माणूस गेलं की त्याचं ओळखपत्र नोंदणी कचेरीत जमा करायचं असतं. तिथून नाव फौजेच्या वहीत जातं आणि कापलं जातं. इताफने ते जमा केलंच नव्हतं. "मुलगा नाक्यावर दिला, आता त्याचा फोटोही त्यांनाच देऊ?" असं म्हणून तिने ते फडक्यात बांधून गाद्यांच्या चळतीखाली सारलं होतं. कुणी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. वहीत लबीब जिवंत राहिला, आणि घरटी एक परवाना निघाला तो थोरल्याच्या नावाने. नसीफचं नाव खोक्यात कुठून असणार?

म्हणजे जित्या मुलाची वाट तिनेच अडवली होती. हे ध्यानात आलं तेव्हा ती तिथेच पायरीवर बसली.

नवऱ्याने हाताने लावलेली पेरूची तीनशे झाडं कुंपणाच्या पलीकडे होती. बारा दिवस त्यांना पाणी नव्हतं. गच्चीवरून पानं पिवळी पडलेली दिसायची, आणि वारा तिकडून सुटला की पिकून खाली पडलेल्या, सडत चाललेल्या पेरूंचा वास घरभर व्हायचा. जेवताना तो वास, झोपताना तो वास. शेवटी गावच नमलं. मशिदीत पुन्हा बैठक झाली आणि अबू निझामच म्हणाला, "ज्याच्याकडे कागद आहे त्याने जावं, शेजाऱ्याच्या झाडांनाही पाणी द्यावं. झाडांनी कुणाचं काय घोडं मारलंय?"

नसीफ तीन दिवस गच्चीवर बसून पिवळी पडणारी झाडं बघत राहिला. चौथ्या दिवशी तो चुलीपाशी येऊन उभा राहिला.

"आई, त्याचं ओळखपत्र दे."

"तुला कुणी सांगितलं माझ्याकडे आहे म्हणून?"

"मला पहिल्यापासून माहितीये. दे."

ओळखपत्रावरचा फोटो लबीब सोळा वर्षांचा असतानाचा होता. त्या वयात दोघे भाऊ सारखेच दिसत. तसंही शिपायांना इथली सगळी पोरं सारखीच दिसतात, त्यांची नजर चेहऱ्यावर कमी आणि हातांवर जास्त असते. नसीफ लबीबचा परवाना खिशात घालून, पेट्या आणि कात्री घेऊन निघाला तेव्हा शेजारच्या जलीलाने दारातूनच टोमणा मारला. जलीलाच्या जिभेला हाड नाही हे साऱ्या गावाला माहीत.

"काय रे, दगड खाणार होतास ना? पेरू बरे लागले वाटतं!"

नसीफने मान खाली घातली. एरवी त्याने तिला चार सुनावल्या असत्या.

इताफ पहिल्या दिवशी फाटकापर्यंत गेली ती रोटी द्यायला. ऑलिव्हच्या तेलाची रोटी तो घरीच विसरला होता. रांग लागली होती. शिपाई यादी बघून एकेक नाव पुकारत होता.

"लबीब शुक्री!"

उम्म लबीब म्हणून तिला दिवसातून पन्नास वेळा हाक यायची. पण लबीबला, त्या एकट्याला, दोन वर्षांत कुणी हाक मारली नव्हती. आणि आज हाक आली तर रांगेतून एक हात वर झाला, आणि एक तरणाताठा मुलगा पेटी खांद्यावर घेऊन पुढे गेला. पाठमोरा होता. पाठ तर अगदी तीच.

मग ती रोज जायला लागली. वैऱ्याच्या तोंडून मुलाचं नाव ऐकायला पहाटे उठून जाणारी आई! कुणी हसावं तर हसावं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. नसीफ रोटी आदल्या रात्रीच पिशवीत घालून ठेवायला लागला, तरी ती जाई.

"आई, फाटकापर्यंत कशाला येतेस?"

"हवा खायला."

"तू माझ्यासाठी येत नाहीस."

"तोंड सांभाळून बोल," ती फाडकन म्हणाली. तिला राग आला, कारण ते खरं होतं. नसीफने चप्पल घातली आणि तो निघाला, आणि ती त्याच्या मागोमाग निघालीच.

झाडांनी पुन्हा पालवी धरली. पहिले पेरू बाजारात गेले. त्याच आठवड्यात फाटकावर फौजेचा एक नवा माणूस आला, कानशिलांवरचे केस पिकलेला, आणि त्याची अरबी आपल्यासारखी साफ होती. अशा माणसाला गाव जास्त भितं. त्याने लबीब शुक्रीचा परवाना हातात घेतला आणि परत दिला नाही. खिशातून दुसरी यादी काढली.

"तुझा भाऊ नसीफ कुठाय?"

नसीफ उभा राहिला तो उभाच. मागे चाळीस माणसं होती, ती माना उंचावून बघायला लागली.

"तुलाच विचारतोय. कुंपणापाशी घोषणा देत होता. त्याला न्यायचंय आम्हाला. कुठाय?"

नसीफने आईकडे पाहिलं. लहानपणी काही फुटलं की तो असाच बघायचा.

"ए बाई, तू कोण याची?"

"आई," इताफ म्हणाली.

"मग तू सांग."

इताफने एका श्वासात सगळं पारखून पाहिलं. देशाबाहेर अम्मानला गेला म्हणावं, तर सरहद्दीच्या पुलावर नोंद यांचीच. शहरात, नाबलुसला गेला म्हणावं, तर घरावर धाड आणि हा सापडणारच. न्यायला आले तर किती वर्षं, ते कुणी सांगावं? आणि दुसऱ्याच्या नावाने फाटक ओलांडलं म्हणून आणखी किती? मुलगा लपवायला साऱ्या मुलखात एकच जागा उरली होती, जिथे फौज शोधायला जात नाही.

"नसीफ गेला," ती म्हणाली.

"कुठे गेला?"

"वारला. आज अकरा दिवस झाले."

नसीफच्या खांद्यावरची पेटी सरकली. त्याने ती दोन्ही हातांनी धरली.

"कशाने?"

आणि इताफ सांगायला लागली. तिला काही रचावं लागलं नाही. पोटात दुखायला लागलं, साहेब. उजव्या बाजूला. आधी वाटलं काहीतरी खाल्लं असेल. मग तो गुडघे छातीशी घेऊन पडला. गाडी केली. नाक्यावर थांबवली. मी पाया पडले. चार तास, साहेब. त्याने पाणी मागितलं, डॉक्टर म्हणाले होते पाणी देऊ नका, म्हणून मी दिलं नाही. शेवटी तो मागायचा थांबला. हे सांगता सांगता तिला हुंदका आला आणि मग ती आवरेना. दोन वर्षं गाडून ठेवलेलं रडू बाहेर आलं, आणि आलं ते जित्याच्या नावाने. नसीफ, माझा नसीफ, असं ती म्हणत होती, आणि नसीफ दोन हातांवर समोर उभा राहून ऐकत होता.

तेवढ्यात रांगेतून एक किंकाळी आली. जलीला होती ती. "हाय रे नसीफ! हाय रे माझ्या राजा! लग्नाआधीच गेलास रे!" तिने डोक्यावरचा रुमाल ओढला आणि ऊर बडवायला सुरुवात केली. तिच्यामागे सुरैया, मग बाकीच्या बायका. पुरुषांनी तळहात पसरून दुवा मागितली. परवाना नसूनही फाटकापर्यंत गाढव पोचवायला आलेल्या अबू निझामच्या डोळ्यांतून खरंच पाणी वाहत होतं. तो पुढे आला आणि नसीफला मिठी मारून म्हणाला, "तुझा भाऊ फार चांगला होता, लबीब." खोटं रडत होतं कोण? कुणीच नाही. प्रत्येकाच्या घरात रडायला कुणी ना कुणी होतंच.

पिकल्या कानशिलांचा माणूस खाली बघत राहिला. मग त्याने यादीवर रेघ ओढली.

"त्याचं ओळखपत्र उद्या आणून दे," तो इताफला म्हणाला. "नाव कापावं लागेल."

"देते," इताफ म्हणाली.

त्याने परवाना नसीफच्या हातात दिला आणि हळू आवाजात, आपल्यातल्याच एखाद्यासारखं म्हणाला, "अल्लाह त्याच्यावर दया करो."

याला उत्तर द्यावंच लागतं. गेलेल्याच्या सख्ख्याने द्यायचं असतं, आणि नाही दिलं तर ऐकणाऱ्याच्या मनात किंतु येतो. सगळी रांग नसीफकडे बघत होती. इताफने डोळे मिटून घेतले.

"तुमच्या गेलेल्यांवरही करो," नसीफ म्हणाला. पेटी खांद्यावर घेतली आणि फाटकातून आत गेला.