सिस्टरची गल्ली

ठकीच्या वडिलांनी या गावी बदली मागून घेतली ती एका शाळेसाठी. ठकी चार वर्षांची, जन्मापासून ऐकू न येणारी. अशा मुलांसाठी इथे एका कॅथलिक ननने शाळा काढली आहे, असं त्यांना पोस्टातल्या कोणीतरी सांगितलं होतं. सांगणाऱ्याची माहिती जुनी निघाली. सिस्टर वारून नऊ वर्षं झाली होती. तिच्यामागे शाळा चालवायला कोणी उरलं नव्हतं, आणि दोन खोल्यांच्या त्या इमारतीत आता कुठल्याशा कचेरीचे जुने कागद ठेवले होते. ठकीच्या आईने दारावरचं कुलूप पाहिलं आणि लेकीला कडेवर घेऊन घरी आली. घरी सामानाची खोकी अजून उघडायची होती.

मग तिने घरातच शाळा मांडली. रोज सकाळी ठकीच्या कानात ऐकण्याचं यंत्र बसवायचं, तिला आरशासमोर घ्यायचं, तिचा हात आपल्या गळ्यावर ठेवायचा आणि म्हणायचं, "आ... ई." आधीच्या गावी शिकवायला येणाऱ्या बाईंनी बजावून ठेवलं होतं, "हातवारे अजिबात करू द्यायचे नाहीत. ती सवय लागली की बोलणं खुंटलंच म्हणून समजा." ठकी पाच मिनिटं कशीबशी बसायची, मग यंत्र उपटून भिरकावून द्यायची. आई ते उचलून पुन्हा बसवायची. दोघीही हट्टाला पेटल्या की शेजारच्या बाई आपली खिडकी हळूच लावून घ्यायच्या.

एकदा आई पडदे टाकायला कोपऱ्यावरच्या लाँड्रीत गेली. ती पडदे मोजून देते तोवर ठकी गल्ल्याखालून पलीकडे पसार झाली. आत एक म्हातारे काका इस्त्री करत होते. ठकीने हात पुढे केला तशी त्यांनी इस्त्री उभी केली, इस्त्रीच्या तापल्या पत्र्याकडे बोट नेलं, झटकन मागे घेतलं आणि बोटावर फुंकर मारली. ठकीने त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. मग आपलं बोट पुढे केलं, मागे घेतलं, आणि गाल फुगवून फुंकर मारली.

"काका, तिला हातवारे नका शिकवू!" आई ओरडली.

"त्यांना ऐकू येत नाही हो," गल्ल्यावरच्या मावशी म्हणाल्या. "काय सांगायचंय ते मला सांगा, मी सांगते त्यांना."

आई ओशाळली. मावशी हसल्या. "आमचे हे सिस्टरच्या पहिल्या अकरा मुलांतले. आणि माझी आई तिथे स्वयंपाकाला होती. मला सगळं ऐकू येतं, पण मी बोलायला शिकले ती आधी हाताने."

त्यानंतर ठकी रोज बाहेर पडल्यावर आईला लाँड्रीकडे ओढू लागली. आणि हळूहळू आईच्या लक्षात आलं, की नुसती लाँड्रीच नव्हे. औषधांच्या दुकानदाराने ठकीला पाहून विचारलं, "कशी आहेस?", तेही ओठ न हलवता. फळवाल्या आजींनी हातातलं फळ दाखवून 'गोड' म्हटलं. चांभाराने 'बूट छान आहेत' असं सांगितलं.

"हे सगळ्यांना कसं येतं?" तिने मावशींना विचारलं.

"सिस्टरचा छळ, दुसरं काय! दुपारी पोरांची रांग घेऊन निघायची. प्रत्येक दुकानात शिरायचं आणि दुकानदार तीन शब्द शिकेपर्यंत तिथून हलायचं नाही. तिचं मराठी म्हणजे आनंदच. 'माझा शाळा', 'तुमची नवरा'. पण लाज म्हणून नाही! औषधवाले तिला पाहिलं की फोन कानाला लावायचे. ही बाई तिथेच स्टूल ओढून बसायची, फोन संपेपर्यंत."

आई हसली, पण घरी जाताना तिला आतून काहीतरी टोचत होतं. आपली लेक सगळ्या गल्लीशी बोलते आणि आपल्याशी नाही.

त्या आठवड्यात सकाळची भांडणं विकोपाला गेली. यंत्र बसवलं की ठकी आपल्या तळहाताला कचकचून चिमटा काढायची. रागाने स्वतःलाच इजा करते, असं वाटून आईने तिचे हात घट्ट धरून ठेवले. तिसऱ्या दिवशी ठकी रडली नाही, नुसती आईच्या तोंडाकडे बघत राहिली. ते आईला सोसवेना. तिने तिला तशीच उचलली आणि लाँड्री गाठली.

"मावशी, ही असं का करते?"

मावशींनी काकांना खूण केली. काकांनी ठकीला टेबलावर बसवलं, ठकीने चिमटा काढून दाखवला, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"दुखतं म्हणतेय ती," मावशी म्हणाल्या. "बघा बरं, कानात काही झालंय का?"

कान आतून लालबुंद झाला होता. ठकी वाढली होती आणि यंत्राचा कानात बसणारा जुना साचा तिला रुतत होता. आई म्हणाली, "मी रोज दाबून बसवत होते हो. वर तिचे हात धरून ठेवले."

मावशींनी तिला पाणी दिलं. काका बराच वेळ हातांनी काहीतरी सांगत होते आणि मावशी ते शब्दांत आणत होत्या.

"हे म्हणतायत, सिस्टरपण आधी तेच करायची. पहिली दोन वर्षं पोरांना आपापल्या हातांवर बसवायची, खुणा करू नयेत म्हणून. एकदा यांना ताप भरला, पोटात कळा येत होत्या, पण हे हातांवर बसून राहिले, कारण शिस्त. संध्याकाळी डॉक्टरकडे न्यायची वेळ आली. दुसऱ्या दिवशी सिस्टर वर्गात आली आणि आपलेच हात खाली घेऊन बसली. तासभर. काही सांगता येईना, नाकावरची माशी हाकलता येईना. मग रडायलाच लागली. तिने पोरांना विचारलं, 'मला शिकवाल?' या गल्लीत जे बोलतात ना, ते सिस्टरचं नाही. ते पोरांचं आहे. तिने फक्त ते दारोदार पोचवलं."

आईने डोळे पुसले आणि काकांकडे वळून तळहाताला चिमटा काढला. काकांनी मान हलवली आणि तिचा अंगठा जरा वर सरकवून दिला.

कान बरा व्हायला पंधरा दिवस लागले. नव्या साच्याचं यंत्र आलं, आरसाही राहिला; पण आता ठकी आईच्या गळ्यावर हात ठेवून उरलेल्या हाताने बडबडत असते. रोज चार वाजता आई लाँड्रीत रुमालांच्या घड्या घालता घालता काकांकडून खुणा शिकते आणि चुकली की काका डोक्याला हात लावतात.

परवा ठकीचे वडील ऑफिसातून आले, तर स्वयंपाकघरात काचेचा पेला फुटून दूध सांडलेलं. आईने केरसुणी बाजूला ठेवून खुणेने विचारलं, "कोणी केलं?"

ठकीने क्षणभर विचार केला. मग ओठावर नसलेल्या मिशीला पीळ दिला आणि बोट बापाकडे रोखलं.

"मी? अगं, माझ्या पायात अजून बूट आहेत!"

लेकीची आयुष्यातली पहिली थाप ऐकून आई तिथेच भिंतीला टेकली आणि पोट धरधरून हसत सुटली.